ईमेलची गाळणी

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याला एका शिष्यवृत्तीच्या मुलाखतीचे बोलावणे ईमेलने आले होते. ते कोणी वाचलेच नाही! त्याच्या खात्यावर नको असलेली पत्रे अडवणारी गाळणी मीच बसवून दिली होती. जाहिरातींचा राग येऊन मी तिची छिद्रे फारच बारीक ठेवली, शिवाय अडलेले पत्र लगेच पुसून टाकण्याची सूचनाही दिली. त्याच्या मित्राला बोलावणे आल्याचे कळले तेव्हा तारीख टळून गेली होती. भाचा काही बोलला नाही. तेच मला जास्त लागले.

ही गाळणी चालते तरी कशी?

नको असलेल्या पत्रांना ‘स्पॅम’ म्हणतात. स्पॅम हे मूळचे डब्यातल्या मांसाचे नाव. १९७० सालच्या एका इंग्रजी विनोदी प्रवेशात उपाहारगृहातल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात ते घातलेले असते, गिऱ्हाइकाला नको असले तरी! त्यावरून हा शब्द रुळला. पत्रे मात्र त्या शब्दाच्या आधीची. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत गॅरी थुर्क या विक्रेत्याने अर्पानेट या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना संगणकांची जाहिरात एकदम पाठवली होती.

तुम्ही म्हणाल, ‘बक्षीस’ हा शब्द दिसला की पत्र फेकून द्यावे, झाले! पण मग शाळेच्या बक्षीस समारंभाचे पत्रही जाईल. म्हणून संगणक शब्दांची मोजदाद करतो. समजा, तुमच्याकडे १०० नकोशी आणि १०० हवीशी पत्रे आहेत. ‘बक्षीस’ हा शब्द नकोशांपैकी ४० पत्रांत आणि हवीशांपैकी फक्त २ पत्रांत आढळला. तर तो शब्द असलेले नवे पत्र नकोसे असण्याची शक्यता ४२ पैकी ४०, म्हणजे सुमारे ९५ टक्के.

आता गंमत पाहा. त्याच पत्रात ‘गृहपाठ’ हा शब्दही आहे. तो नकोशा पत्रांपैकी १ आणि हवीशांपैकी ३० पत्रांत सापडतो. दोन्ही शब्द एकमेकांवर अवलंबून नाहीत असे धरून गुणाकार करा. नकोशाच्या बाजूला ४० × १ = ४०, हवीशाच्या बाजूला २ × ३० = ६०. शक्यता ९५ वरून ४० टक्क्यांवर उतरली, पत्र वाचले! या हिशेबाची रीत टॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाची. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ साली छापला गेला. टपाल गाळण्यासाठी तिचा उपयोग होईल हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार!

भाड्याच्या संगणकावर ठेवलेल्या अनेक ईमेल खात्यांत ‘स्पॅमअसॅसिन’ ही गाळणी असते. ती प्रत्येक पत्राला गुण देते. संशयास्पद खुणेला अधिक गुण, भरवशाच्या खुणेला उणे गुण. बेरीज ५ किंवा त्याहून जास्त झाली की पत्र नकोसे ठरते. ही मर्यादा बदलता येते. आकडा लहान केला की गाळणी कडक होते. माझी चूक नेमकी हीच. मी तो २ केला होता.

तेव्हा प्रथम ५ हाच आकडा राहू द्या. अडलेली पत्रे पुसू नका, वेगळ्या कप्प्यात जाऊ द्या आणि आठवड्यातून एकदा तो कप्पा चाळा. शाळेचा व शिक्षकांचा पत्ता ‘विश्वासू’ यादीत घाला. मात्र पाठवणाऱ्याचे नाव खोटेही लिहिता येते, त्यामुळे यादीवर फार विसंबू नका. गाळणीला शिकवायचे तर नुसती नकोशी पत्रे दाखवून भागत नाही. नेहमीच्या मांडणीत या गाळणीला दोन्ही प्रकारची किमान २०० पत्रे पाहिल्याशिवाय शब्दांचा हिशेब सुरूच करता येत नाही.

घरातल्या मोठ्यांच्या परवानगीने त्यांच्या खात्यातली २० नकोशी आणि २० हवीशी पत्रे घ्या. ‘मोफत’, ‘तातडीने’ आणि तुमच्या गावाचे नाव, असे तीन शब्द किती पत्रांत येतात ते वहीत मांडा आणि वरचा गुणाकार करून पाहा. एखादा शब्द एका बाजूला एकदाही आला नाही, तर गुणाकाराचे काय होईल?

माझ्या भाच्याने तो कप्पा चाळण्याचे काम आता स्वतःकडे घेतले आहे. मला हात लावू देत नाही.