मोटारीचें बळ कोठें हरवतें?

जुनी मोटार घाटांत दमूं लागली, कीं तिच्याविषयीं घरोघर एकच निदान ऐकूं येतें : "इंजिन गेलें." हें निदान करावयास पैसा लागत नाहीं, पण तें खरें मानलें, तर पुष्कळ पैसा लागतो. इंजिन उतरवून उघडणें म्हणजे मध्यम स्थितीच्या कुटुंबानें अनेक महिन्यांच्या बचतीवर पाणी सोडणें होय. म्हणून इंजिन न उघडतां त्याचें दुखणें कसें ओळखावें, आणि टायमिंग चेन या नांवाच्या, डोळ्यांआड असलेल्या एका लहानशा साखळीचा त्यांत कितपत हात असतो, याचा विचार येथें करावयाचा आहे. पालकांनींहि तो वाचावा, अशी विनंती आहे.

उदाहरणादाखल ओळखीची गाडी घेऊं. शेठ वालचंद हिराचंद यांनीं 1944 सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीनें मुंबईस कुर्ला येथें फियाटच्या नमुन्यावरून जी गाडी बांधली, ती पुढें 'पद्मिनी' या नांवानें महाराष्ट्रभर पसरली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतील शेवटची पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्यें रस्त्यावरून गेली. परंतु खासगी मालकांनीं जिवापाड जपलेल्या पद्मिनी अद्यापि अधूनमधून दृष्टीस पडतात. चार सिलिंडर, 1089 घन सेंटिमीटरांचें इंजिन, आणि ताकद सुमारें 40 अश्वशक्ति. आजच्या गाड्यांत संगणक दोष सांगतो. येथें तो आपणच शोधावा लागतो, आणि म्हणूनच शिकण्यास ही गाडी उत्तम.

सिलिंडरांत पेट्रोलमिश्रित हवा घेणें, ती दाबणें, तिचा स्फोट होणें आणि धूर बाहेर टाकणें या चार क्रिया क्रँकच्या दोन फेऱ्यांत होतात. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट तेवढ्या वेळांत एकच फेरी घेतो. म्हणून क्रँकवरील दांतेरी चाकाला जितके दांत, त्याच्या दुप्पट दांत कॅमच्या चाकाला असतात, आणि त्या दोन चाकांना जोडणारी जी साखळी, तीच टायमिंग चेन.

तिच्या कामाचें महत्त्व कळण्यास सोंडेची मोट आठवावी. मोटा आतां राहिल्या नाहींत, पण तुमच्या आजोबांना विचारा, ते सांगतील. जाड नाडा मोट ओढी आणि बारीक सोंदूर तिची सोंड उचलून धरी. सोंदूर ढिला पडला, तर सोंड खालीं लोंबे आणि वर येतां येतां निम्में पाणी विहिरींत परत सांडे. बैल तेच, मोट तीच, श्रमहि तेच; पण थारोळ्यांत पाणी कमी. साखळी सैल झाली म्हणजे इंजिनांत नेमकें हेंच घडतें. हवा आंत घेणारा व्हॉल्व्ह उशिरां मिटतो, पिस्टन वर येऊं लागतो, आणि घेतलेल्या मिश्रणाचा कांहीं भाग आल्या वाटेनें परत जातो. उरलेल्या मिश्रणावर दाब कमी पडतो आणि स्फोटाचा जोर घटतो. हा तोटा इंजिन सावकाश फिरत असतां, म्हणजे नेमका घाटांत, अधिक जाणवतो.

साखळी 'ताणली' असें मिस्त्री म्हणतात. लोखंड रबरासारखें ताणलें जात नाहीं. प्रत्येक कडीची खीळ आणि तिचें भोंक झिजतें. समजा, साखळीला 50 सांधे आहेत आणि प्रत्येक सांधा केवळ 0.05 मिलिमीटर झिजला. तरी एकंदर लांबी 2.5 मिलिमीटरांनीं वाढते. सायकलच्या चेनचेंहि असेंच होतें. ही झीज बहुधा वेळेवर न बदललेल्या काळ्या तेलामुळें होते, हें जातां जातां पालकांच्या कानावर घालतों. झीज फार झाली, तर साखळी एखादा दांत ओलांडते. क्रँकच्या चाकाला 20 दांत आहेत असें धरल्यास एक दांत म्हणजे क्रँकचे 18 अंश! एवढ्या फरकानें गाडी चालूच राहते, पण तिचा पिकअप नाहींसा होतो.

आतां पुष्कळ मिस्त्री जेथें फसतात, ती जागा. ठिणगीची वेळ ठरविणारा डिस्ट्रिब्युटर या इंजिनांत कॅमशाफ्टवरूनच फिरतो. म्हणून साखळी सैल झाली, कीं व्हॉल्व्हबरोबर ठिणगीहि उशिरां पडते. मिस्त्री डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून ठिणगी लवकर आणतो. गाडी तात्पुरती सुधारते, मालक आनंदानें पैसे देतो. परंतु व्हॉल्व्ह आहेत तेथेंच उशिरां चालत राहतात. कांहीं महिन्यांनीं पुनः तेंच. ज्या गाडीचा डिस्ट्रिब्युटर वारंवार पुढें सरकवावा लागला असेल, तिच्या साखळीवर पहिला संशय घ्यावा.

मात्र संशय म्हणजे पुरावा नव्हे. साखळीकडे जाण्यापूर्वीं फुकटांत होणाऱ्या परीक्षा आटोपाव्या. दोष इंजिनाचाच आहे ना? सपाट रस्त्यावर गिअर काढून गाडी मोकळी धांवते कीं ब्रेक धरून ठेवतो, हें पहावें. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग चढत नाहीं, तर क्लच घसरतो आहे. पेडल पूर्ण दाबल्यावर कार्बोरेटरची झडप पूर्ण उघडते का, हें तर दोघांनीं मिळून अर्ध्या मिनिटांत पाहतां येतें. मग एअर फिल्टर, पेट्रोलची नळी, प्लग, पॉइंट व टॅपेट यांची फट. या गोष्टी येथें भरभर सांगितल्या, तरी बहुतेक आजारी गाड्या एवढ्यानेंच बऱ्या होतात.

आणखी एक गोष्ट नगरकरांनीं लक्षांत ठेवावी. आपलें शहर समुद्रसपाटीपासून सुमारें 650 मीटर उंच आहे. येथें हवेचा दाब मुंबईपेक्षां सुमारें 7 टक्के कमी, म्हणून तीच गाडी येथें जवळजवळ तेवढ्याच प्रमाणांत अशक्त असते. हा रोग नव्हे, भूगोल आहे.

यानंतरहि गाडी दमत असेल, तर दोन उपकरणें कामास येतात. पहिलें व्हॅक्यूम गेज. गरम इंजिन मंद चालू असतां सुस्थितींतील गाडी समुद्रकांठीं 17 ते 21 इंच दाखविते. आपल्याकडे दोन इंच वजा करावे. कांटा ठराविक तालानें खालीं उडत असेल, तर एखादा व्हॉल्व्ह बिघडला असावा. इंजिनाचा वेग वाढवून तसाच ठेवल्यावर कांटा हळूहळू उतरत गेला, तर सायलेन्सर तुंबला असावा. आणि कांटा स्थिर पण खालच्या आंकड्यावर असेल, तर ठिणगी किंवा व्हॉल्व्ह उशिरां आहेत. दुसरें उपकरण कॉम्प्रेशन गेज. चारहि प्लग काढून, पेडल पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. एकाचाच कमी असल्यास त्यांत चमचाभर तेल सोडून पुनः मोजावा : वाढला तर रिंगा झिजल्या, न वाढला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन कमी असल्यास हेडचें गॅस्केट. चारहि सारखेच कमी, आणि तेलानेंहि विशेष फरक नाहीं, असें झाल्यास साखळीकडे वळावें.

तिची सैलाई मोजण्याची युक्ति फार सुंदर आहे. प्लग काढलेले असतांना डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा. पुलीच्या नटाला पान्हा लावून क्रँक नेहमींच्या दिशेनें फिरवा आणि थांबा. आतां सावकाश उलट फिरवा, आणि आंतील रोटर हलूं लागेपर्यंत पुली किती फिरली, तें मोजा. पुलीवर कागदाची पट्टी गुंडाळा. परीघ 36 सेंटिमीटर असेल, तर 1 मिलिमीटर म्हणजे 1 अंश. ढोबळ मानानें 10 अंशांच्या पलीकडे सैलाई गेल्यास साखळी संपली असें समजावें. डिस्ट्रिब्युटरच्या स्वतःच्या दांत्यांतहि थोडी सैलाई असते. म्हणून वरचें झांकण काढून व्हॉल्व्हचा रॉकर केव्हां हलतो, हेंहि पहावें.

केवळ आवाजावर मात्र विसंबूं नये. पुढल्या बाजूची खडखड पाण्याच्या पंपाचीहि असते. इंजिन बंद करून पंख्याचा पट्टा काढावा आणि अर्धा मिनिट चालवून ऐकावें. आवाज गेला, तर साखळी निर्दोष. ह्या परीक्षा मुलांनीं एकट्यानें करूं नयेत. गाडी उघड्या जागीं, हँडब्रेक लावून, गिअर काढून असावी.

आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील घोडेगांवच्या बाजारांत दावीं, कासरे व घुंगरमाळा विकतात. त्यांची पद्मिनी परततांना इमामपूरच्या घाटांत पहिल्या गिअरखेरीज चढेना. एका मिस्त्रीनें इंजिन उतरविण्याचा सल्ला दिला. "सर, गाडी महिनाभर उभी राहिली, तर बाजार गेले," असें ते म्हणाले. वरील क्रमानें मुलांनीं परीक्षा केली. व्हॅक्यूमचा कांटा 13 वर निश्चळ. चारहि सिलिंडर सारखेच अशक्त, तेलानें फरक नाहीं. डिस्ट्रिब्युटर शक्य तितका पुढें सरकविलेला. आणि सैलाई 17 अंश. एकेक आंकडा फळ्यावर चढत गेला, तसा मुलांनीं निकाल आपणच सांगितला. पुढचें झांकण उघडून साखळी व दोन्ही चाकें बदललीं. पिस्टनला हात लावावा लागला नाहीं, आणि दुसऱ्या बाजाराला गाडी हजर होती.

साखळी बदलतांना दोन गोष्टी विसरूं नयेत. जुन्या झिजलेल्या चाकांवर नवी साखळी चढविल्यास ती लवकर खराब होते. म्हणून तिन्ही वस्तु एकदमच घ्याव्या. दोन्ही चाकांवरील खुणा जुळवून, झांकण लावण्यापूर्वीं क्रँक हातानें दोन पूर्ण फेरे फिरवावा आणि खुणा पुनः तेथेंच येतात ना, हें पहावें. शेवटीं डिस्ट्रिब्युटर नव्यानें लावावा; कारण सैल साखळीसाठीं पुढें सरकविलेली ठिणगी आतां फारच लवकर पडेल आणि इंजिन ठोके देऊं लागेल. तें काम झाल्यावांचून गाडी घाटांत नेऊं नये.