अत्यवस्थ रुग्णातील रक्त-लॅक्टेट : साध्यासाध्यत्वाच्या दृष्टीने विचार

चिकित्सेपूर्वी व्याधीचे साध्यासाध्यत्व पाहावे, ही आपली परंपरा. चरकसंहितेतील १२ अध्यायांचे इंद्रियस्थान अरिष्टलक्षणांच्या विचारासाठीच आहे. आजच्या अतिदक्षता विभागात हाच प्रश्न रक्ततपासणीच्या आधारेही सोडविला जातो. त्यांपैकी लॅक्टेट या घटकाचा प्रस्तुत लेखात आम्ही विचार करीत आहोत.

पेशींना प्राणवायू अपुरा पडला की लॅक्टेट साचते. तीव्र जंतुसंसर्गात अॅड्रेनलिनच्या प्रभावानेही ते अधिक निर्माण होते. यकृत दुर्बल असल्यास त्याचा निचरा मंदावतो. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार, जंतुसंसर्गात पुरेसे द्रव देऊनही सरासरी रक्तदाब ६५ राखण्यास औषध लागत असेल आणि लॅक्टेट दर लिटरला २ मिलिमोलहून अधिक असेल, तर तो 'सेप्टिक शॉक' होय. अशा रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक आढळले.

तथापि एका आकड्यावरून रुग्णास असाध्य ठरविणे अनुचित होय. आकडी येऊन गेल्यावर, साल्ब्युटामॉलच्या अधिक मात्रेने, तसेच मूत्रपिंड निकामी असता मेटफॉर्मिनमुळेही लॅक्टेट वाढू शकते. नमुना योग्य प्रकारे न राखता उशिरा तपासल्यास रक्तपेशीच ते वाढवितात. म्हणून पुनर्तपासणी आवश्यक आहे. उपचारानंतर काही तासांत उतरणारे लॅक्टेट आशादायक, चढते राहिल्यास चिंताजनक समजावे.

जेथे ही तपासणी उपलब्ध नाही, तेथे स्पर्शनपरीक्षा उपयोगी पडते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अँड्रोमेडा-शॉक' या दक्षिण अमेरिकेतील अभ्यासात ४२४ रुग्ण होते. बोटाचे टोक दाबून सोडल्यावर रक्त परतण्यास लागणारा वेळ पाहून एका गटाचे उपचार ठरविले. २८ दिवसांत त्यातील ३४.९ टक्के रुग्ण दगावले. लॅक्टेटवर विसंबलेल्या गटात हे प्रमाण ४३.४ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्रानुसार निर्णायक ठरला नाही; तरीही वैद्याच्या हाताचे मोल त्यातून लक्षात येते. तीन सेकंदांहून अधिक विलंब हे धोक्याचे चिन्ह मानले गेले.

ज्वरासह श्वासगती वाढणे, बुद्धिभ्रम, हातपाय थंड पडणे, मूत्राल्पता ही लक्षणे दिसताच वैद्यबंधूंनी अहवालाची वाट न पाहता रुग्णास सुसज्ज रुग्णालयात पाठवावे. औषधविक्रेत्यांनी चालू औषधांची मात्रेसह यादी नातेवाइकांजवळ द्यावी. वाढलेले लॅक्टेट ही त्वरा करण्याची सूचना आहे; आशा सोडण्याचे कारण नव्हे.