सुईण आणि संशोधन : गडचिरोलीतील एक धडा

बाळंतपणाचे शास्त्र रुग्णालयात तयार होते आणि खेड्याने ते केवळ स्वीकारावयाचे असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन 1982 साली अस्तित्वात आलेल्या गडचिरोली जिल्ह्यात या समजुतीची कसून परीक्षा झाली. डॉ. राणी बंग या स्त्रीरोगतज्ज्ञ आणि त्यांचे पती डॉ. अभय बंग यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले. त्यानंतर त्यांनी या जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था उभारली.

त्यांचे पहिले महत्त्वाचे संशोधन 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोन खेड्यांतील 650 स्त्रियांची तपासणी केली असता 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले. त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र अवघ्या 8 टक्के होत्या. जे दुखणे रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हते, ते रुग्णालयाच्या नोंदींत दिसणे शक्यच नव्हते.

हीच गोष्ट नवजात बालकांच्या बाबतीतही खरी होती. बाळाचा न्यूमोनिया ओळखावयाचा तर त्याचे एका मिनिटातील श्वास मोजावे लागतात. बाळ दोन महिन्यांहून लहान असेल तर 60 किंवा अधिक, आणि त्याहून मोठ्या तान्ह्या मुलाचे 50 किंवा अधिक श्वास ही धोक्याची खूण मानली जाते. परंतु गावातील निरक्षर सुईणीला इतके आकडे मोजता येत नसत. यावर मण्यांची एक पाटी आणि मिनिटाचे वाळूचे घड्याळ हा उपाय योजण्यात आला. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी शेवटचा लाल मणी सरकला, तर बाळाला औषधाची गरज आहे असे समजावयाचे. म्हणजे सुईणीला निदानही करता येत होते. उणीव तिच्या बुद्धीत नव्हती. ती तिच्या हाती दिलेल्या साधनात होती.

पुढील अभ्यास जन्मानंतरच्या पहिल्या 28 दिवसांचा होता. 1995-96 मध्ये 39 गावांतील 763 नवजात बालकांची घरी जाऊन पाहणी करण्यात आली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक बालकांना उपचारांची गरज होती. प्रत्यक्षात ते शंभरांत तिघांनाही मिळत नव्हते. तेव्हा पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातीलच स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार करण्यात आले. प्रसूतीच्या वेळी त्या सुईणीसमवेत उपस्थित राहत. बाळाचे वजन करणे, त्याला उबदार ठेवणे, स्तनपानास साहाय्य करणे ही त्यांची कामे होती. जंतुदोषाची लक्षणे दिसताच बाळाला रुग्णालयात नेण्याचा सल्ला त्या प्रथम देत. पालकांना ते शक्य नसेल, तर त्यांच्या संमतीने घरीच प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले जाई.

या उपायांचा परिणाम तुलनेने पाहावयाचा होता. म्हणून 47 गावांत ही योजना न राबवता तेथील जन्ममृत्यूंची केवळ नोंद ठेवण्यात आली. तिसऱ्या वर्षअखेर योजनेच्या गावांतील नवजात मृत्युदर हजारी सुमारे 62 वरून 25 च्या आसपास आला. तुलनेच्या गावांत तो 60 च्या जवळपासच राहिला. हे निष्कर्ष 1999 साली प्रसिद्ध झाले.

या प्रयोगाचे फलित एका जिल्ह्यापुरते मर्यादित राहिले नाही. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बालकाच्या घरभेटींची शिफारस केली. 2011 पासून भारतात 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धती देशव्यापी झाली. प्रसूती रुग्णालयात झाली असली तरी 42 दिवसांत सहा घरभेटी ठरविण्यात आल्या. घरी झाली असल्यास सात. बंग दांपत्यास 2018 साली पद्मश्री प्रदान करण्यात आली.

आज बहुतेक प्रसूती रुग्णालयात होतात. परंतु माता आणि बाळ काही दिवसांतच घरी परततात, आणि उरलेला धोक्याचा काळ घरातच जातो. म्हणूनच जे ज्ञान उंबरठ्याच्या आत पोहोचत नाही, ते कितीही अचूक असले तरी बाळाच्या दृष्टीने अपुरेच राहते.