कासव, कुत्रा, मांजर आणि कायदा

घरात कुत्रा किंवा मांजर आहे, सोबत कासवही आहे. या सगळ्यांना एका छपराखाली सुखरूप कसं ठेवायचं, असं विचारणाऱ्या चार पत्रांची उत्तरं या वेळच्या सदरात दिली आहेत. चारही पत्रांमध्ये कासवाच्या जिवाचा प्रश्न आणि मालकाच्या कायदेशीर जबाबदारीचा प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. दोन्हींचं उत्तर शोधायला सुरुवात मात्र एकाच ठिकाणाहून करावी लागते : कासव कोणत्या जातीचं आहे?

प्रश्न : सात-आठ वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या मित्राने आम्हाला एक कासव दिलं. काळपट पाठ आणि तिच्यावर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. आमच्या मांजरीने त्याला कधी त्रास दिला नाही. आता मुलीच्या हट्टापायी लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलं आहे, ते मात्र कासवाला तोंडात धरायला बघतं. दोघांना एकमेकांची सवय कशी लावावी? शेजारचे काका म्हणतात, असं कासव पाळणं हाच गुन्हा आहे. हे खरं का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : काका म्हणतात ते खरं आहे. वर्णनावरून हे भारतीय स्टार कासव दिसतं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्याआधी स्टार कासव चौथ्या अनुसूचीत होतं. दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ-बिबट्याच्या पंक्तीला गेलं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत गुन्हा सिद्ध झाला, तर कलम ५१ नुसार किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

‘आम्ही विकत घेतलेलं नाही, भेट मिळालं आहे’ हा बचाव इथे टिकत नाही. कायद्याविरुद्ध बंदिस्त ठेवलेला वन्यप्राणी कलम ३९ प्रमाणे सरकारची मालमत्ता ठरतो. असा प्राणी हाती आला, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याला कळवावं लागतं. परवानगीशिवाय तो जवळ ठेवणं, विकणं किंवा भेट म्हणून देणं, सगळ्यालाच मनाई आहे. शिवाय कलम ५७ मुळे असा प्राणी एखाद्याच्या ताब्यात असल्याचं सिद्ध झालं, की तो ताबा बेकायदा आहे असंच न्यायालय गृहीत धरतं. तो कायदेशीर आहे हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर येते. घरातले असे प्राणी जाहीर करण्यासाठी सरकारने २००३ मध्ये १८० दिवसांची मुदत दिली होती. ती केव्हाच संपली आहे.

कायदा इतका कडक का, हे या कासवाच्या नशिबी आलेल्या व्यापारावरून कळतं. वायव्य भारत आणि त्याला लागून असलेला पाकिस्तान, आग्नेय भारत आणि श्रीलंका एवढ्याच टापूत ते निसर्गतः आढळतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतातल्या एकाच व्यापारकेंद्रातून वर्षाला किमान ५५ हजार स्टार कासवं उचलली जात होती. घरात कासव असलं की भरभराट होते, या समजुतीपायी शहरांतूनही त्यांना गिऱ्हाईक मिळतं. २०१९ मध्ये साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या जिनिव्हा परिषदेत या जातीला पहिल्या परिशिष्टात टाकून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आणली गेली.

आता या कुटुंबाने काय करावं? राज्याच्या वन विभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ ही हेल्पलाइन १९२६ या क्रमांकावर आहे. तिथे किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात संपर्क साधून कासव वन विभागाकडे सोपवावं. सोबत एक साधा लेखी अर्ज द्यावा : कासव कधी आलं, कोणाकडून आलं, तेव्हापासून कसं ठेवलं. अर्जाच्या प्रतीवर पोच आणि तारीख घ्यावी. पंचनामा झाला तर तो नीट वाचूनच सही करावी. स्वतःहून दिलं म्हणजे गुन्हा आपोआप माफ होतो असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही, म्हणून अर्ज देण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा. तरीही स्वतःहून आलेला माणूस आणि छाप्यात सापडलेला माणूस यांच्या हेतूतला फरक तपास अधिकाऱ्याला आणि न्यायालयालाही दिसतो.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. कासव दुसऱ्या कोणाला देऊन मोकळं होऊ नये, कारण तोही बेकायदा व्यवहारच ठरेल. आणि ते टेकडीवर किंवा तळ्यात सोडून येऊ नये. हे जमिनीवरचं कासव आहे, खोल पाण्यात ते बुडून मरतं. टेकडीवर सोडलं तरी वर्षानुवर्षं घरात वाढलेल्या कासवाला तिथे निभाव लागणं कठीण, आणि त्याच्याकडून रानातल्या प्राण्यांना रोग लागण्याची भीती वेगळीच.

कासव वन विभागाकडे जाईपर्यंत त्याची खोली वेगळी असावी आणि दार बंद असावं. कुत्र्याला कासवाची सवय लावण्याच्या फंदात पडू नये. पिल्लाला कासव म्हणजे चघळायला मिळालेलं हाड वाटतं, आणि ही ओढ चांगल्या शिकवलेल्या कुत्र्यातही सुप्त राहते. वर्षभर शेजारी शांत बसलेला कुत्राही एखाद्या दुपारी घरात कोणी नसताना कासवाची पाठ कुरतडू शकतो.

प्रश्न : मुलाच्या वाढदिवसाला दुकानातून डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं बोटभर कासव आणलं. दुकानदार म्हणाला, याला लायसन्स लागत नाही. आमच्या दोन मांजरी दिवसभर काचेच्या टाकीवर चढून पंजा आत घालतात. कायद्याची काही अडचण आहे का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : हे रेड-इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. ते भारतीय वन्यजीव नसल्यामुळे स्टार कासवाला लागू होणारी बंदी त्याला नाही, एवढ्यापुरतं दुकानदाराचं म्हणणं बरोबर आहे. मात्र खरेदी करताना दोन खात्र्या करायला हव्यात.

पहिली, दुकानाची. २०१८ च्या पेट शॉप नियमांनुसार प्राणी विकणाऱ्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी नसलेल्या दुकानातून काही घेऊ नये आणि पक्कं बिल मागून घ्यावं. त्यावर जात आणि तारीख लिहिलेली असावी. पुढे कोणी शंका घेतली तर हाच कागद कामी येतो. दुसरी, जातीची. छपरासारखी उंच पाठ असलेल्या भारतीय रूफ्ड कासवाची पिल्लंही चोरट्या बाजारात येतात आणि ती जात पहिल्या अनुसूचीत आहे. डोळ्यामागचा लाल पट्टा ठळक दिसत नसेल, तर विकत घेण्याआधीच थांबावं.

ज्यांच्याकडे विदेशी जातीचं जमिनीवरचं कासव आहे, त्यांच्यासाठी नियम वेगळा. आफ्रिकेचं सल्काटा हे त्याचं उदाहरण. जमिनीवरच्या कासवांचं सगळं कुळच साइट्सच्या परिशिष्टांत असल्यामुळे वन्यजीव अधिनियमाचं कलम ४९-एम आणि २८ फेब्रुवारी २०२४ रोजी अधिसूचित झालेले नियम त्यांना लागू होतात. परिवेश २.० या संकेतस्थळावरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणीचा अर्ज करायचा असतो. जुन्या मालकांना त्यासाठी सहा महिने दिले होते. आता असं कासव ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. सल्काटा घेण्याआधी एवढं लक्षात ठेवावं, की ते पूर्ण वाढल्यावर चाळीस किलोच्या पुढे जातं आणि माणसाइतकं जगू शकतं.

आता मांजरींबद्दल. टाकीला नुसती काच पुरत नाही. वरून चिमटे असलेलं जाळीचं झाकण हवं. पुस्तकाच्या वजनाने दाबून ठेवलेलं झाकण मांजर दोन उड्यांत सरकवते. टाकी भिंतीलगत जड टेबलावर असावी आणि मांजरीला झेप घ्यायला जवळ खुर्ची किंवा कपाट नसावं. दिव्याच्या वायरी मागच्या बाजूने बांधून घ्याव्यात. कासवाला पाण्याबाहेर बसून अंग शेकायला जागा आणि यूव्हीबी दिवा लागतो, कारण खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात ते किरण जवळजवळ नसतातच. मांजरीच्या दातांवर पाश्चरेला नावाचे जीवाणू असतात. तिच्या दाताची बारीकशी खोक वरून दिसतही नाही, पण आत पू धरतो. मांजर पिल्लाला इजा करू शकते, मोठ्या कासवाचेही डोळे आणि पाय तिच्या पंजाच्या टप्प्यात येतात.

धोका उलट्या बाजूनेही आहे. कासवाच्या विष्ठेतून साल्मोनेला जीवाणू पसरतात. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. कासवाच्या टाकीतलं पाणी कुत्र्या-मांजरांना पिऊ देऊ नये. टाकी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नये. कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती ते देऊच नये.

बोटभर कासव बोटभर राहत नाही. ते २५ ते ३० सेंटीमीटरपर्यंत वाढतं आणि वीस-तीस वर्षं सहज जगतं. घरात जागा पुरेना म्हणून बरेच लोक ते तलावात सोडतात, तिथे ते स्थानिक कासवांची जागा आणि अन्न बळकावतं. जगातल्या शंभर सर्वाधिक उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्येच त्याची आयात थांबवली. म्हणून घेण्याआधीच पंचवीस वर्षांचा विचार व्हावा. प्राण्याला विनाकारण वेदना होऊ नयेत यासाठी सर्व वाजवी उपाय करणं हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ३ प्रमाणे मालकाचं कर्तव्यच आहे. हलता-फिरता येणार नाही एवढ्या भांड्यात कोंडणं किंवा पुरेसं खाणं-पाणी न देणं हे कलम ११ खाली क्रूरतेत मोडतं.

प्रश्न : आमच्या लाल पट्ट्याच्या कासवाला गच्चीत शेजाऱ्यांच्या कुत्र्याने चावून कवचाला भेग पाडली. शेजारी म्हणतात, कवच तर मेलेलं असतं, त्यात काय एवढं! उपचाराचा खर्च त्यांच्याकडून मागता येईल का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आधी उपचार, मग हिशोब. कवच हे जिवंत हाड आहे. ते पाठीचा कणा आणि बरगड्यांशी जोडलेलं असतं, वर नखासारखा थर असतो आणि आत रक्त व मज्जातंतू असतात. भेग पडली की रक्त येतं आणि दुखतंही. जखम सलाइनने हलक्या हाताने धुवावी, स्वच्छ गॉजने झाकावी आणि कासवाला कोरड्या, उबदार खोक्यात ठेवावं. पाण्यातलं कासव असलं तरी डॉक्टरांनी सांगेपर्यंत टाकीत सोडू नये. भेग फेविक्विकने किंवा एम-सीलने बुजवू नये, कारण जंतू आत अडकतात. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य त्याच दिवशी गाठावा. कवच भरून यायला महिने लागतात, कधी वर्षही.

शेजाऱ्यांवर फौजदारी गुन्हा सहसा उभा राहणार नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये प्राण्याला ठार किंवा जायबंदी करण्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण त्यासाठी नुकसान करण्याचा हेतू किंवा तशी जाणीव सिद्ध करावी लागते. कुत्रा साखळीविना सोडला गेला, हा निष्काळजीपणा झाला. त्याबद्दल दिवाणी भरपाई मात्र मागता येते. त्यासाठी पशुवैद्यांची बिलं, जखमेचे तारखेसह फोटो, गच्चीवरचा सीसीटीव्ही असल्यास त्याची नक्कल आणि कासवाचं खरेदीचं बिल जपून ठेवावं. आधी एक लेखी पत्र द्यावं. बहुतेक वेळा सोसायटीच्या समितीपुढे बसून विषय मिटतो. कासव गच्चीत एकटं का सोडलं होतं, हा प्रश्न समोरून येईलच, तेव्हा त्याचं उत्तर तयार असावं.

प्रश्न : आमचा शेतावरचा कुत्रा पावसाळ्यात ओढ्याकाठून कासव तोंडात धरून घरी आणतो. या वर्षीही एक आणलं. मुलं म्हणतात, टाकीत ठेवू या. काय करावं?
(एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : टाकीत ठेवू नये. ओढ्या-विहिरींत आणि चिखलात राहणारं मऊ पाठीचं फ्लॅपशेल कासव पावसाळ्यात एका पाण्याकडून दुसऱ्या पाण्याकडे चालत जातं आणि नेमकं तेव्हाच कुत्र्यांच्या तावडीत सापडतं. ही जातही पहिल्या अनुसूचीत आहे. ते ठेवून घेतलं, तर पुण्याच्या वाचकाला सांगितलेलं कलम ३९ आणि कलम ५१ इथेही लागू होतात. ‘वीस नखी’ (वीस नखांचं) कासव म्हणून लाखोंचा भाव सांगत कोणी विकत मागायला आलं, तर ती व्यक्ती सरळ तस्कर समजावी आणि वन विभागाला कळवावं.

कासव पूर्ण धडधाकट असेल, तर १९२६ वर फोन करून त्यांच्या सांगण्याप्रमाणे ते ज्या ओढ्यातून आलं तिथेच सोडावं. नाक, डोळे, चारही पाय आणि पोटाकडची बाजू नीट पाहिल्याशिवाय ‘धडधाकट’ म्हणू नये. रक्त, भेग, लुळा पाय किंवा सुजलेला डोळा दिसला, तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ओलसर कापडावर ठेवून वन विभागाची वाट पाहावी. फोन करताना गाव, तालुका, ओढ्याची जागा आणि कासव सापडल्याची वेळ सांगावी, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला पाठीचा आणि पोटाचा असे दोन फोटो काढून ठेवावेत. आणि जून ते सप्टेंबर कुत्रा ओढ्याकडे एकटा जाणार नाही, एवढ्याच लांबीच्या साखळीने त्याला बांधावं.