कोतवाल पंजीतील आपले आजोबा

शिष्यवृत्ती, इंजिनिअरिंगचा प्रवेश किंवा राखीव जागेवरील निवडणूक, यांपैकी काहीही पुढे आले की आपल्या घरी जात वैधतेची धावपळ सुरू होते. 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा आणा, असे सांगितले जाते. त्या दिवशी अनुसूचित जातींविषयी राष्ट्रपतींचा आदेश निघाला, म्हणून ही तारीख. आमचे आजे-पणजे शाळेतच गेले नाहीत, दाखला कुठला, असे म्हणून पुष्कळ समाजबांधव हात टेकतात.

पण शाळेचा दाखल-खारिज नसला तरी कोतवाल पंजी असू शकते. मध्यप्रांतात गावातील जन्म-मृत्यूची खबर पोलीस ठाण्यात देणे हे कोतवालाचे काम होते. ती नोंद ज्या वहीत होई तीच कोतवाल पंजी. तीत तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, हे सापडते. बाळाचे नाव पुष्कळदा नसतेच. म्हणून बापाचे नाव आणि अंदाजे साल धरून शोधावे लागते. आणि हा कोतवाल कोण? आपल्या भागात बरेचदा महारच. स्वतःला अक्षर येत नसे, तरी वही घेऊन ठाण्यापर्यंत पायपीट करी. ज्या जातीने त्याला वेशीबाहेर ठेवले, तिचाच रकाना आज नातवाचा हक्क सिद्ध करतो!

कामठ्याची जमीनदारी आणि 1818 मधील चिमणा पटेलाचे बंड इतिहासात नोंदले गेले. आपल्या वस्तीतील माणसांची नावे मात्र अशा वह्यांतच शोधावी लागतात.

1956 च्या धम्मदीक्षेनंतर कित्येक दाखल्यांवर नुसते 'बौद्ध' लागले. बौद्धांना केंद्राच्या सवलती 1990 मध्ये मिळाल्या, पण पूर्वीची जात कोणती हे दाखवावेच लागते. तेथे ही पंजी उपयोगी पडते. तिच्यावर 'जिल्हा भंडारा' दिसला तर विद्यार्थ्यांनी गोंधळू नये. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी झाला. 1956 पर्यंत आपण मध्यप्रदेशात होतो, त्यामुळे हिंदी मजकूरही आढळतो.

तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव, आजोबांचे नाव व साल लिहून नकलेचा अर्ज द्यावा. एका सालावर अडून न राहता पुढची-मागची चार-पाच वर्षे मागावीत. जन्म सापडला नाही तर घरातील मृत्यू पाहावा. आत्या, चुलत आजोबा यांचीही नोंद वंशावळीला चालते. नक्कल प्रमाणित करून घ्यावी. आणि एखादे अक्षर पुसट असले तर ते आपल्या पेनाने गिरवू नये. चांगल्या हेतूने केले तरी खाडाखोड समजली जाते आणि खरा पुरावा संशयात सापडतो.

जाताच आहात तर निस्तार पत्रकही मागून पाहा. गावाच्या तळ्याचा, चराईचा, स्मशानभूमीचा हक्क कोणाला, हे त्यात असते. पुढचा वाद बहुधा त्यावरूनच निघतो.