अंगणातील झिपलाइन : मुलांची सुरक्षा

अंगणात मुलांसाठी झिपलाइन बांधताना दोर तुटेल का, याचीच चिंता आपण करतो; दुसऱ्या टोकाच्या झाडावर मूल आदळण्याचा धोका मात्र ध्यानात येत नाही. म्हणून पोलादी तारेच्या दोराला अगदी सौम्य उतार द्यावा आणि झाडाच्या बरेच अलीकडे गती रोखणारी स्प्रिंग बसवावी. मुलाहून जड असे वाळूचे पोते आधी अनेकदा सोडून पाहावे. ते एकदाही झाडाला लागले, तर मुलास बसवू नये, त्याने कितीही हट्ट केला तरी. ओढणी, गळ्यातील गंडेदोरे काढून ठेवावेत, हेल्मेट घालावे. खाली फरशी नसावी, वाळू पसरावी.

पडलेल्या मुलाची मान दुखत असल्यास त्यास उचलून बसवू नये. डोके व मान स्थिर धरून तत्काळ ११२ क्रमांकावर दूरध्वनी करावा.