अभ्यासक्रमातील पुस्तकांची यादी कशी वाचावी?



या पाठाची सुरुवात माझ्याच एका चुकीने करतो. धडगाव तालुक्यातील एका मुलीला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला. तिचे वडील अभ्यासक्रमाची प्रत घेऊन आमच्या वसतिगृहात आले. एका विषयाखाली सात पुस्तकांची नावे होती. "सगळी घ्या," मी सांगून मोकळा झालो. ऊसतोडीतून मागे टाकलेले पैसे त्यांनी दुकानात मोजून दिले.

तीन आठवड्यांनी कळले, की मुलगी प्रयोगशाळेत जातच नाही. विचारले तेव्हा खाली मान घालून म्हणाली, "सर, पुस्तकं आहेत, पण कोट नाही."

सातपैकी पाच संदर्भग्रंथ होते आणि ते महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मिळत होते. मी यादी पाहिली होती, वाचली नव्हती. आता प्रत्येक नव्या विद्यार्थ्याजवळ बसून मी ती अशी वाचतो:

१. आधी वर्ष पाहा. नव्या शैक्षणिक धोरणामुळे अभ्यासक्रम बदलले आहेत. विषयाचे नाव तेच असले, तरी आतील घटक वेगळे असू शकतात. विषयाचा सांकेतांक आणि वर्ष दोन्ही जुळले पाहिजेत.

२. यादीचा मथळा वाचा. 'नेमलेले पुस्तक' असेल तर ते हाती हवेच. साहित्याच्या विषयात नेमलेल्या कादंबरीवर थेट प्रश्न येतात. 'संदर्भग्रंथ' म्हणजे अधिक वाचनासाठी. त्यातले एखादेच प्रकरण लागते, तेवढ्यासाठी ग्रंथालय पुरते.

३. श्रेयांक पाहा. लेखी विषयाचा एक श्रेयांक म्हणजे साधारण १५ तास, प्रात्यक्षिकाचा ३० तास. दोन श्रेयांकांचे प्रात्यक्षिक म्हणजे प्रयोगशाळेतील ६० तास. कोटाअभावी ते बुडाले तर पुस्तकांनी भरून निघत नाहीत.

४. यादीत नसलेले विचारा. प्रयोगवही, कोट, आलेखाचे कागद यांची नावे पुस्तकांच्या यादीत सहसा नसतात. पण शिक्षकांच्या सहीची प्रयोगवही नसेल, तर प्रात्यक्षिक परीक्षेत अडचण येते.

५. खरेदी शेवटी करा. पहिला आठवडा तासांना बसावे, कोणते पुस्तक खरोखर लागते ते शिक्षकांना विचारावे. नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियावर बरेच साहित्य मोबाइलवर मोफत वाचता येते.

त्या मुलीचा कोट आणि प्रयोगवही एका मंडळीने पाठवली. शिक्षकांनी बुडालेले प्रयोग करून घेतले. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे आणि नव्या मुलींची यादी तीच वाचून देते.

आपणही प्रेमाने पुस्तके पाठवता. पेटी भरण्याआधी एकदा आम्हाला विचारा: यंदा कोणाला काय लागते? कधी उत्तर जाडजूड ग्रंथाचे येईल, कधी नुसत्या एका पांढऱ्या कोटाचे.